क्षमेची वसुली

ख्रिस्ती माणसाची श्रद्धा लहान मुलासारखी असावी आणि त्याची क्षमाही लहान मुलासारखीच, मागचे सारे विसरून केलेली असावी, असे विधान आपल्याकडे व्यासपीठावरून आणि व्यासपीठाखालूनही इतक्या सहजपणे केले जाते, की त्याला कोणी हरकत घेतलीच तर हरकत घेणारा निष्ठुर ठरतो. तो धोका पत्करून आम्ही येथे हरकत घेत आहोत. हे विधान शुभवर्तमानात नाही. लहान मुलांविषयी ते खरे नाही. मराठीतील ज्या ख्रिस्ती लेखकांच्या नावावर ते खपवले जाते, त्यांच्या लेखनातूनही ते निघत नाही. शिवाय ते निरुपद्रवी आहे असेही नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडूनच क्षमा वसूल करण्याचे ते एक सोयीचे हत्यार झाले आहे.

निमित्त सांगतो. मालवणच्या दक्षिणेला, तारकर्ली ओलांडल्यावर, देवबाग नावाची जमिनीची एक चिंचोळी पट्टी लागते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि टोकाला दोहोंचा संगम. पर्यटकांना हे गाव डॉल्फिन आणि जलक्रीडांमुळे ठाऊक असते. गावकऱ्यांचे गाव आहे ते रापणीचे, माडांचे आणि पावसाळ्यात किनारा खात आत येणाऱ्या समुद्राचे. येथे ख्रिस्ती वस्तीही आहे, हे मात्र मराठी साहित्याच्या प्राध्यापकांना पुष्कळदा सांगावे लागते. त्यांच्या लेखी मराठी ख्रिस्ती म्हणजे एक तर वसईचा, नाही तर अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा. २००५ साली पुणे धर्मप्रांतातून वेगळा होऊन सावंतवाडीला केंद्र असलेला सिंधुदुर्ग हा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत झाला, ही गोष्टही त्यांच्या कानावर आलेली नसते.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या सुटीत आम्ही देवबागला एका परिचितांच्या घरी उतरलो होतो. घरातल्या वृद्ध बाईंचे भावकीतल्या एका माणसाशी बोलणे बंद होते. होडीच्या दुरुस्तीसाठी म्हणून त्याने त्यांच्याकडून पैसे नेले होते. होडी दुरुस्त झाली नव्हती, पैसे परत आले नव्हते, आणि विषय निघाला की तो माणूस हसून दुसरेच काही बोलू लागे. सणासाठी मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांना हा अबोला खटकला. प्रार्थना झाल्यावर त्यांपैकी एकाने बाईंना समजावले, की आज बाळ येशूचा दिवस आहे, लहान मुलासारखे मन करावे आणि माफ करून टाकावे. बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘तेका आदी हिशोब सांगूक सांग. माफ मगे करतंय.’’ चाकरमानी हसले. म्हातारीचा जीव अजून पैशात अडकला आहे, असे एकाने आमच्या कानाशी येऊन सांगितलेही.

आम्हांला त्या क्षणी असे वाटले, आणि आज विचारान्ती आमचे तेच मत आहे, की त्या घरात शुभवर्तमान नीट वाचलेली एकच व्यक्ती होती आणि ती ही म्हातारी. आमचा हा अभिप्राय भावुकतेतून आला आहे असे कोणास वाटू नये, म्हणून आधी मूळ ग्रंथाकडे जाऊ.

लहान मुलांसारखे होण्याची सूचना मत्तयाच्या शुभवर्तमानात अठराव्या अध्यायाच्या आरंभी येते. सातच वेळा नव्हे, तर सत्तर वेळा सात क्षमा करण्याची सूचना त्याच अध्यायाच्या अखेरीकडे, एकविसाव्या वचनानंतर येते. दोन्ही सूचना एकाच अध्यायात आहेत, हा योगायोग मानण्याचे कारण नाही. आपले प्रवचनकार मात्र पहिली पाच वचने वाचतात आणि तेथून थेट एकविसाव्यावर उडी घेतात. मधली पंधरा वचने जणू छापखान्याच्या चुकीने आत आली आहेत! साहित्याच्या विद्यार्थ्याने एखाद्या कवितेचे पहिले आणि शेवटचे कडवे वाचून मधल्या कडव्यांवाचून रसग्रहण लिहिले, तर आपण त्यास किती गुण देऊ?

त्या पंधरा वचनांत काय आहे ते पाहावे. प्रथम येतो तो लहानग्यांना अडखळवणाऱ्यास दिलेला इशारा: अशा माणसाच्या गळ्यात जात्याचा मोठा दगड बांधून त्यास खोल समुद्रात बुडवणे त्याच्या हिताचे ठरेल, इतका तो कठोर आहे. समुद्राकाठच्या माणसाला ही प्रतिमा समजावून सांगावी लागत नाही. त्यानंतर हरवलेल्या मेंढराची कथा. आणि त्यानंतर भावाने अपराध केल्यास काय करावे याची रीतसर कार्यपद्धती आहे. आधी त्याला एकट्याला गाठून त्याचा अपराध त्याच्या पदरात घाला. ऐकले नाही तर एकदोघांना साक्षीला घेऊन जा. तरीही ऐकले नाही तर मंडळीसमोर मांडा. मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला परका समजा. यात ‘विसरून जा’ असे कोठेही म्हटलेले नाही. अपराध बोलून दाखवणे ही येथे क्षमेच्या वाटेवरची पहिली पायरी आहे. जी पायरी देवबागची ती बाई चढू पाहत होती, तिच्यावरूनच तिला खाली ओढले जात होते.

अध्यायाच्या शेवटी क्षमेविषयीचा जो दृष्टान्त आहे, तोही हिशोबाचाच आहे. एक राजा चाकरांचा हिशोब घ्यायला बसतो. एकाच्या अंगावर दहा हजार टॅलंट निघतात. राजा ते सोडतो. तोच चाकर बाहेर पडून आपल्या सोबत्याचा गळा धरतो आणि शंभर दीनारांसाठी त्याला तुरुंगात टाकतो. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी. एक टॅलंट म्हणजे सुमारे सहा हजार दीनार धरले, तर राजाने सोडलेले ऋण सहा कोटी दिवसांच्या मजुरीइतके होते. या प्रचंड आकड्यापुढे शंभर दीनार किरकोळ वाटतात, आणि प्रवचनात ते नेहमी किरकोळ म्हणूनच सांगितले जातात. पण शंभर दिवसांची मजुरी ही मजुराच्या घरात किरकोळ असते काय? दृष्टान्त तसे म्हणत नाही. ऋण खरे होते, एवढेच नव्हे तर जाणवण्याइतके होते, म्हणून तर ते सोडण्याला मोल होते. आणखी एक तपशील आपल्या नजरेतून सुटतो. त्या चाकराची निष्ठुरता पाहून इतर चाकर व्यथित होतात आणि जाऊन धन्याला सांगतात. त्यांना कोणीही, ‘तुम्ही लहान मुलांसारखे व्हा आणि गप्प बसा’ असे म्हटलेले नाही. तक्रार करणाऱ्यांमुळेच कथा पुढे जाते.

येथे आपल्या भाषेचाही थोडा विचार करू, कारण गफलतीचे एक मूळ तेथे आहे. ‘क्षमा’ हा शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थ सहन करणे, समर्थ असणे असा आहे. क्षमा हे पृथ्वीचेही नाव आहे; सर्व काही सोसणारी ती क्षमा. हा अर्थ थोर आहे, पण आपल्याकडे हे सोसणे बहुधा बायकांच्या आणि दुबळ्यांच्या वाट्याला येते, हे सांगायला नको. ‘माफी’ हा दुसरा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने महसुलाच्या दप्तरात आला आणि तेथे स्थिरावला. त्यात सोसणे नाही, त्यात नोंद आहे. सारा माफ होतो, कर्ज माफ होते. २०१७ सालच्या कर्जमाफीच्या वेळी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हे पुरेपूर कळले, की माफीच्या यादीत नाव यायला आधी कर्जाच्या वहीत नाव असावे लागते. शुभवर्तमानातील ग्रीक क्रियापदाचा अर्थ सोडून देणे, मोकळे करणे असा आहे, आणि मत्तयातील प्रभूच्या प्रार्थनेत मराठी भाषांतरकारांनी ‘ऋण’ आणि ‘सोडणे’ हेच शब्द योजले आहेत. म्हणजे ख्रिस्ती क्षमा अर्थाने माफीच्या जवळची आहे, आणि आपण मात्र तिला सोसण्याच्या अर्थाने क्षमा म्हणत बसलो. ऋण सोडायचे, तर ते किती आणि कोणाचे हे दोघांनाही ठाऊक हवे. जे ऋण ऋणको मान्यच करीत नाही, ते धनकोने सोडले काय अन् धरले काय, दोघांमध्ये काहीच घडत नाही.

आता लहान मुलांविषयी. मुले चटकन क्षमा करतात, असे म्हणणाऱ्यांनी मुलांना खेळताना पाहिले आहे की नाही, अशी आम्हांला शंका येते. मराठी मुले भांडली की आधी कट्टी करतात. कट्टी मनातल्या मनात होत नाही. ती समोरच्याला तोंडावर सांगून, अनेकदा साक्षीदारांसमक्ष, कारण जाहीर करून होते. तू माझी गोटी घेतलीस, तू खोटे बोललास, म्हणून कट्टी. मग गोटी परत येते, किंवा चूक कबूल होते, आणि बट्टी होते. बट्टी झाल्यावर मागची अढी राहत नाही, हे खरे आहे, आणि मुलांकडून शिकण्यासारखे जर काही असेल तर ते हेच. पण कट्टीवाचून बट्टी नाही, हेही तितकेच खरे आहे. प्रौढ माणसे याच्या नेमके उलट वागतात. ती कट्टी सांगत नाहीत, लग्नाकार्यात हसून नमस्कार करतात, आणि अढी मरेपर्यंत जपतात. मग या अवस्थेलाच क्षमा असे नाव देऊन ती मुलांच्या खात्यावर टाकतात. मुलांवर हा उघड अन्याय आहे.

मूळ प्रसंगातही मूल मध्ये उभे केले जाते ते त्याच्या भाबडेपणासाठी नाही. आपल्यात मोठा कोण, असे शिष्य विचारत होते. ज्याला त्या समाजात कसलाच मान नव्हता, ते मूल त्यांच्यापुढे उभे केले गेले. मान सोडा, असा त्याचा सरळ अर्थ आहे. बुद्धी सोडा, असा नाही. बुद्धीच्या बाबतीत पौलाने करिंथकरांना स्पष्टच बजावले आहे, की दुष्टपणाच्या बाबतीत तान्हे राहा, पण विचाराच्या बाबतीत प्रौढ व्हा. बालसुलभ श्रद्धेची महती गाणाऱ्यांच्या तोंडून हे वचन आम्ही अद्याप ऐकलेले नाही.

येथवरचा वाद धर्मशास्त्राचा झाला. साहित्याचे विद्यार्थी आणि शिक्षक म्हणून आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे, कारण हीच चूक मराठी समीक्षेने केली आहे आणि वर्गावर्गांतून ती अजून शिकवली जात आहे.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वर लिहिताना ‘निरागस’, ‘भाबडी’, ‘बालसुलभ’ ही विशेषणे कोणाला सुचत नाहीत? आम्ही स्वतः विद्यार्थिदशेत ती उत्तरपत्रिकेत लिहिली आहेत आणि त्यांवर गुणही मिळवले आहेत. पण थोडा हिशोब करा. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा. अकरा वर्षांच्या असताना त्यांचे नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढची काही वर्षे पतिपत्नींचा संसार तुटला. १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९१९ साली टिळक वारले. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली ती १९३४ साली, म्हणजे लेखिका साठी ओलांडून सहा वर्षे झाल्यावर. वैधव्य, दारिद्र्य, बहिष्कार, धर्मांतर हे सारे पाहून झालेली ही बाई निरागस कोठून असणार? पुस्तकात जी गोंधळलेली, सोवळ्यात अडकलेली, काही न समजणारी मुलगी आपल्याला हसवते, ती त्या पुस्तकातले पात्र आहे. तिला तसे उभे करणारी निवेदक वेगळी आहे, आणि तिला सर्व काही समजते आहे. पात्र आणि निवेदक यांतील हा भेद आपण इतर कोणत्याही आत्मचरित्रात विद्यार्थ्यांना समजावून सांगतो. येथेच तो का विसरतो? आमचा संशय असा, की बाई, त्यातून ख्रिस्ती, त्यातून औपचारिक शिक्षण नसलेली, म्हणून तिच्या कलेला आपण तिचा स्वभाव समजून मोकळे झालो.

क्षमेच्या बाबतीत तर ही चूक अधिकच महाग पडते. टिळकांचा संताप, पैशाविषयीची त्यांची बेफिकिरी, घरात न सांगता निघून जाण्याची खोड, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पत्नीला मागे ठेवून केलेले धर्मांतर, यांतले काहीही लक्ष्मीबाईंनी झाकलेले नाही. प्रत्येक बाब नोंदलेली आहे, आणि तरी पुस्तकभर टिळकांवरचे प्रेम ओसंडून वाहते. वाचक म्हणतो, किती भोळी, सारे विसरली! अहो, विसरली असती तर पुस्तक कोठून लिहिले असते? ‘स्मृतिचित्रे’ हे नावच न विसरल्याची ग्वाही देते. क्षमा येथे आहे, आणि मराठीत क्वचितच सापडावी इतकी मोठी आहे, पण ती संपूर्ण हिशोब वाचकासमोर मांडून केलेली आहे. तो हिशोब वगळून उरलेल्या गोडव्याला आपण क्षमा म्हणालो, तर लेखिकेच्या हाती काहीच राहत नाही.

तीच गोष्ट श्रद्धेची. लक्ष्मीबाई नवऱ्यामागे डोळे मिटून गेल्या नाहीत. त्यांनी टिळकांशी वर्षानुवर्षे वाद घातला. राहुरीला असताना जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच स्वतःला घातला, तो स्वतःच सोडवला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले. बाप्तिस्मा त्यानंतरचा. श्रद्धेच्या या प्रवासाला बालसुलभ म्हणायचे असेल, तर ‘हे असे का?’ असे विचारून घरातल्यांना भंडावून सोडणाऱ्या मुलाला स्मरूनच म्हणावे लागेल.

आणि टिळकांना आपण काय म्हणतो? ‘फुलामुलांचे कवी’. हे बिरुद प्रेमाने दिलेले आहे, त्यात सत्यांशही आहे. पण त्याच्या आड काय काय दडले ते पाहा. शाळेतल्या मुलांनी पिढ्यान्‌पिढ्या पाठ केलेली टिळकांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता शिकाऱ्याच्या हातून मरणाऱ्या पाखराची आहे आणि तिच्या शीर्षकातच आरोप आहे. ‘अभंगांजली’ आणि अपुरे राहिलेले, पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेलेले ‘ख्रिस्तायन’ अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून ‘देवाचा दरबार’ उभारणारे टिळक तर त्या बिरुदात मावतच नाहीत. परदेशी मिशनऱ्यांच्या छत्राखाली हिंदी ख्रिस्ती माणसाने किती काळ अज्ञान पाल्य म्हणून राहायचे, हा त्या पावलामागचा प्रश्न होता. ज्याने असे अज्ञान पाल्य होण्याचे नाकारले, त्यालाच आपण मुलांचा कवी म्हणून शिशुवर्गात बसवले.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तेथील सिस्टर जेराल्डिन आणि इतरांशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला. मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो वाचावा. वडीलधाऱ्यांचा उपदेश नम्रपणे मानावा, शंका काढू नयेत, ही त्या भगिनींची अपेक्षा होती. रमाबाई ठामपणे सांगतात, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आपण दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणार नाही आणि सदसद्विवेक कोणाकडे गहाण टाकणार नाही. हीच बाई पुढे केडगावला ‘मुक्ति’ उभारते, दुष्काळातल्या मुलींना पोटाशी धरते, देवावर सर्वस्वी विसंबून राहते. तिची श्रद्धा मुलासारखी नव्हती असे कोण म्हणेल? पण तिने त्यासाठी विचार सोडला नाही. साध्या बायाबापड्यांना आणि मुलांना समजेल असे बायबल मराठीत असावे म्हणून ती हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि मूळ भाषांवरून तिने सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ साली ती गेली, भाषांतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. देवापुढे मूल होणे आणि माणसांपुढे मूल होणे या दोन गोष्टी तिने कधी एक होऊ दिल्या नाहीत. आमचा सारा वाद या एका भेदासाठी आहे. पहिले ज्याचे त्याने स्वतःहून व्हायचे असते. दुसरे मात्र नेहमी वरच्याने खालच्याला व्हायला सांगितलेले असते.

आमच्यावर एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. क्षमा जर अपराध्याच्या कबुलीवर अवलंबून ठेवली, तर अन्याय सोसणारा माणूस पुन्हा अपराध्याच्याच हाती अडकतो. तो कबूल करीपर्यंत याने जळत राहायचे काय? शिवाय येशूने क्रूसावरून, कबुलीची वाट न पाहता क्षमेची प्रार्थना केली. स्तेफनाने दगड खाता खाता तेच केले.

आक्षेपाचा पहिला भाग आम्हांला मान्य आहे. ज्याच्यावर अन्याय झाला तो कबुलीवाचूनही ऋण सोडू शकतो, आपले मन मोकळे करू शकतो. तो त्याचा अधिकार आहे, आणि कोणी तो बजावला तर आम्ही मान लववू. पण तो त्याचा अधिकार आहे. क्रूसावरची प्रार्थना क्रूसावर असलेल्याने केली आहे. खाली उभ्या असलेल्या कोणी वर पाहून ‘आता क्षमा करून टाका’ असे सुचवलेले नाही. क्षमा अपराध्याने मागावी, पीडिताने द्यावी. तिसऱ्याने ती वसूल करू नये. आणि त्या प्रार्थनेतही, हे काय करतात ते यांना समजत नाही, असे म्हटले आहे. म्हणजे जे चालले आहे ते अपराधच आहे, हे तेथेही उच्चारलेले आहे.

आपल्या देशातला एक प्रसंग पुष्कळांना आठवत असेल. जानेवारी १९९९ मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले, आणि त्यानंतरही काही वर्षे बारिपदा येथे राहून कुष्ठरुग्णांची सेवा चालू ठेवली. त्या क्षमेचे गोडवे सर्वांनी गायिले. पण क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम यांची गल्लत करू नये, अशीही त्यांची भूमिका होती, हे फार थोड्यांनी लक्षात ठेवले. खटला चालला, २००३ साली शिक्षा झाल्या, मुख्य आरोपीची फाशी २००५ साली उच्च न्यायालयात जन्मठेपेवर आली आणि २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने ती जन्मठेप कायम केली. क्षमेने हा हिशोब थांबवला नाही, थांबवावा असे क्षमा करणारीने म्हटलेही नाही.

याउलट जेथे हिशोब थांबवला गेला तेथे काय झाले, हे जगभरच्या चर्चमधील बाललैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी दाखवून दिले आहे. क्षमा करा, चर्चची बदनामी करू नका, असे ज्यांना सांगितले गेले ती मुलेच होती, खरीखुरी मुले. जात्याच्या दगडाचे वचन ज्यांनी आधी वाचायचे, त्यांनीच ते गाळले. अखेर मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांना आदेश काढून, अशा गोष्टी वरिष्ठांकडे कळवण्याचे बंधन धर्मगुरूंवर आणि व्रतस्थांवर घालावे लागले. गाळलेली पंधरा वचने कायद्याच्या भाषेत परत आणावी लागली, असेच आम्ही याकडे पाहतो.

म्हणून आमचे मागणे दोन ठिकाणी आहे. धर्मोपदेशकांकडे एवढेच, की अठरावा अध्याय वाचायचा तर सबंध वाचावा. आणि मराठीच्या शिक्षकांकडे असे, की निदान एक वर्ष ‘निरागस’ हा शब्द वर्ज्य करून ‘स्मृतिचित्रे’ शिकवून पाहावे. तो शब्द काढून घेतला की विद्यार्थ्याला लक्ष्मीबाईंच्या वाक्यांकडे, त्यांच्या विनोदाच्या नेमकेपणाकडे, त्यांनी काय सांगितले आणि कोणत्या क्रमाने सांगितले याकडे पाहावेच लागेल. पुस्तक लहान होणार नाही, अशी आम्ही हमी देतो.

देवबागला आम्ही त्यानंतर दोनदा गेलो. रापण ओढून झाली की सर्वांच्या डोळ्यांदेखत वाळूवर मासळीचे वाटे पडतात, ते आम्ही पाहिले. वाटे पडेपर्यंत आवाज चढतात, पडल्यावर उतरतात, आणि माणसे शेजारी बसून विडी ओढतात. त्या घरच्या पैशांचे पुढे काय झाले, बाईंनी त्या माणसाला माफ केले की नाही, हे मात्र आम्ही विचारले नाही. तो विचारण्याचा अधिकार आमचाही नव्हता.